गाडी नक्की कोण चालवणार?

जुनी गाडी घ्यायची तर पितृपक्षात घ्या, असं आमच्या भोरच्या मेकॅनिकने सांगितलं होतं. त्या पंधरवड्यात कुणी घरात वाहन आणत नाही, जुन्या गाड्यांचे दुकानदार माशा मारत बसलेले असतात, त्यामुळे भाव उतरतो. आपल्याला त्या पंधरा दिवसांचं वावडं असण्याचं कारण नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी संस्थेतल्या एका सहकाऱ्याला बरोबर घेऊन पुण्यातल्या एका दुकानात गेले. हवी असलेली मोटारसायकल समोरच उभी होती. दुकानदाराने किल्ली सहकाऱ्याच्या हातात ठेवली. तो म्हणाला, "मला नाही, ताईंना घ्यायचीय." दुकानदार माझ्याकडे बघून छान हसला आणि पुन्हा त्यालाच म्हणाला, "हो, पण गाडी नक्की कोण चालवणार?"

माझ्या सहकाऱ्याला गिअरची गाडी येत नाही. त्याने तसं सांगितलंही. मग मला खुर्ची मिळाली, चहा आला आणि इंजिनाची सगळी माहिती परत त्यालाच देण्यात आली. आम्ही चहा पिऊन निघून आलो. पुढे गाडी दुसरीकडे, एका घरगुती मालकाकडून घेतली. पण त्या दुकानदाराचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. प्रश्न त्याचा एकट्याचा नाही आणि तो फक्त दुकानातच विचारला जातो असंही नाही. आपल्या संस्था-संघटनांमध्येही तो विचारला जातो. फक्त तो मोठ्याने विचारला जात नाही, एवढंच.

आधी जागा सांगते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत कामाला लागले, ती आजतागायत. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. लोकांच्या तोंडात अजून वेल्हेच आहे, म्हणून मीही तेच लिहिते. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार भरली होती. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत कमी वस्तीचा तालुका. नकाशावर पाहिलं तर पुण्याला खेटून, प्रत्यक्षात प्रत्येक खोरं वेगळं. राजगड, तोरणा, रायरेश्वर हे डोंगर मध्ये उभे, आणि पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा-देवघर या धरणांचं पाणी खोऱ्याखोऱ्यांत शिरलेलं. समोरच्या काठावरचं गाव हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ दिसतं आणि रस्त्याने तिथं जायला तास मोडतो. पुण्याला पाणी इथून, नीरेच्या कालव्यांवरच्या उसाला पाणी इथून. रस्ता मात्र पावसाळ्यात वाहून जातो तोही इथलाच. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट तर पावसाळ्यात बहुतेक वर्षी बंदच करावा लागतो.

या मुलखात मी सहा वर्षं स्कूटर चालवली. स्कूटरला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. १९७२ साली लूना आली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, आणि पुण्यातल्या बायका नोकरीला, क्लासला, मोर्च्याला कुणाच्या मागे न बसता जायला लागल्या. त्या गाड्यांनी शहरातल्या बाईसाठी जे केलं ते लहान नव्हतं. पण स्कूटर सपाट डांबरासाठी असते. तिची चाकं दहा-बारा इंचांची. नसरापूरहून मार्गासनीपर्यंत ती सुरेख चालते. पासलीच्या पुढे केळदकडे जाताना, किंवा भाटघरच्या पाण्याच्या कडेने भुतोंड्याकडे वळलं की एकेक खड्डा तिला गिळतो. पाबे घाटात पावसात डोंगरावरची लाल माती रस्त्यावर उतरते आणि स्कूटरचं पुढचं चाक लोण्यावर ठेवल्यासारखं सरकतं.

एका आषाढात असंच झालं. गाव सांगत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला एका बाईचा फोन आला. नवऱ्याने मारून, लहान मुलासकट घराबाहेर काढलं होतं. आमच्या बैठकांना ती दोनदा आलेली. फोन शेजारणीचा होता, बोलणं तुटक. मी म्हटलं, तिथंच थांब, मी येते. शेवटची एसटी गेलेली होती. मुक्कामी गाडी त्या गावापर्यंत जात नाही, अलीकडच्या फाट्यावर थांबते. मी स्कूटर काढली. घाटात दोनदा घसरले, तिसऱ्यांदा पडले. पुढे ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, त्यात चाक अर्ध्यावर बुडालं आणि गाडी बंद पडली. ती ढकलत मागे आणली आणि अलीकडच्या वस्तीवर एका आजींच्या पडवीत रात्र काढली. सकाळी पोहोचले तेव्हा भावकीतली चार माणसं रात्रीच बसून गेली होती. तिची समजूत काढून तिला घरात परत पाठवलं होतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो, मारापासून संरक्षणही देतो, हे सगळं माझ्या पिशवीतल्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. तिने मला चहा करून दिला. काही बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही, बैठकीला आली नाही.

मी वेळेवर पोहोचले असते तर काय झालं असतं, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. कदाचित माझ्यादेखत तिची समजूत काढली गेली असती. पण तिची बाजू घेणारं एक माणूस त्या रात्री पडवीत बसलेलं असतं. भावकी त्याच रात्री पोहोचली, कारण भावकीतल्या चारही जणांकडे मोटारसायकली होत्या.

तेव्हापासून मी मोटारसायकल बघायला लागले. जिला बाजारात 'ॲडव्हेंचर टूरर' म्हणतात, ती. नाव ऐकून हसू येतं. लडाखला जाऊन फोटो काढणाऱ्यांची गाडी, अशी तिची ख्याती आहे. पण बारकाईने पाहिलं तर ती आमच्याच रस्त्यांसाठी केल्यासारखी असते. मी घेतली ती जुनी हिमालयन, ४११ सीसीची. हे मॉडेल २०१६ मध्ये बाजारात आलं आणि २०२३ मध्ये नव्या इंजिनाची गाडी आल्यावर बंद झालं. पुढचं चाक २१ इंचांचं, त्यामुळे खड्ड्यात पडण्याऐवजी ते खड्डा ओलांडून जातं. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. टाकीत १५ लिटर पेट्रोल बसतं, म्हणजे महामार्ग सोडून आत शिरल्यावर पंपाची काळजी नाही. इंजिन वेगासाठी नाही, ओढीसाठी आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बैलासारखी सावकाश चढ चढते. आम्हाला नेमकं तेच लागतं.

एक्सपल्स नावाची दुसरी एक गाडी मी पाहिली होती. ती वजनाने बरीच हलकी, दीडशे किलोच्या थोडी वर. पण तिची सीट ८२० मिलिमीटरहून उंच आणि माझी उंची पाच फूट एक इंच. बसल्यावर माझी फक्त बोटं टेकत होती. हिमालयनची सीट ८०० मिलिमीटर. तीसुद्धा बाईचा विचार करून ठेवलेली नाही; पण निदान एका पायाचा चवडा नीट टेकतो. मात्र पेट्रोलसकट तिचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं. कुणाची उंची, कुणाच्या खांद्यातला जोर, हे धरून गाड्या बनतात ते या दोन आकड्यांत दिसतं. हलकी घ्यावी तर पाय पुरत नाहीत, पाय पुरवावेत तर वजन पेलत नाही. मी वजन पत्करलं. वजन पेलण्याची युक्ती शिकता येते, उंची वाढवता येत नाही.

नवी घेणं परवडणारं नव्हतं. नव्या गाडीची किंमत दोन लाखांच्या पुढे, मला जुनी त्याच्या साठ टक्क्यांत मिळाली. पण 'जुनी' या शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे.

आपल्या घरांतून बाईच्या वाट्याला किती तरी गोष्टी जुन्याच येतात. जावेची साडी, नणंदेची पुस्तकं, सासूचं मंगळसूत्र मोडून केलेल्या वाट्या. थोरलीचा गणवेश धाकटीला, हे तर गृहीतच. मग मोटारसायकल कुठं जाते? मी या दोन तालुक्यांतल्या ओळखीच्या घरांत हा प्रश्न मुद्दाम विचारत फिरले. मुंबई-पुण्याला कामाला असलेला थोरला भाऊ नवी गाडी घेतो, जुनी गावी धाकट्याला येते. धाकट्याची पुतण्याकडे जाते. पुतण्याने ती ओढ्यात घातली की भंगारात. या सगळ्या प्रवासात गाडी एकदाही बहिणीकडे, बायकोकडे, वहिनीकडे येत नाही. एका घरात तर गाडी दोन वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. नवरा वारलेला, मुलगा सातवीत. बाई रोज चार किलोमीटर चालत अंगणवाडीवर जायची. गाडी कुणासाठी ठेवलीय, असं विचारलं तर म्हणाली, "पोरगा मोठा झाल्यावर चालवील की." तिला ती आपल्या नावावर करून घेता येईल, चालवायला शिकता येईल, हे सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, हसलीही नाही. तिच्या मनातच तो विचार कधी आला नव्हता. जमीन बाईच्या नावावर करा म्हणून आपण कितीतरी वर्षं बोलतो आहोत आणि ते बरोबरच आहे. पण घरातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मालमत्तेबद्दल आपण अवाक्षर काढलेलं नाही.

कायद्यालासुद्धा मोटारसायकलवरची बाई दिसते ती मागच्या सीटवर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं आवरण हवं. तेच आपलं 'सारी गार्ड'. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचले असतील. पण बाजारात त्या जाळीला जे नाव पडलं, त्यातच बाई कुठं बसणार ते ठरून गेलेलं आहे. दिल्लीत तर २०१४ पर्यंत दुचाकीवरच्या बाईला हेल्मेटची सक्तीच नव्हती. तिच्या डोक्याची किंमत इतकी कमी का, हा प्रश्न तिथल्या बायकांनी विचारायला हवा होता. आपणही विचारायला हवा होता.

आता जरा आपल्याच घरात डोकावू या. मैत्रिणींनो, आपल्या संस्थांच्या जाहिराती काढून बघा. 'क्षेत्रीय कार्यकर्ता पाहिजे. स्वतःची दुचाकी असणे आवश्यक.' ही एक ओळ आपण सगळ्यांनी कधी ना कधी छापली आहे. मी स्वतः लिहिली आहे. दिसायला ती कुणाच्या विरोधात नाही. प्रत्यक्षात या ओळीने आमच्याकडे काय केलं ते सांगते. दोन्ही तालुक्यांतल्या आतल्या गावांसाठी अर्ज येतात ते मुलांचे. मुली येतात त्या भोर शहर, नसरापूर, कापूरहोळ अशा एसटीच्या वाटेवरच्या गावांसाठी. म्हणजे जिथं कातकरी वस्त्या आहेत, धनगरवाडे आहेत, जिथं बाईला बाईशीच बोलायचं असतं, तिथं आपण पुरुष कार्यकर्ता पाठवतो आणि मग अहवालात लिहितो की 'महिलांचा प्रतिसाद कमी आहे'.

यात पैशाचाही एक हिशेब आहे. प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्चाचा रकाना असतो, तो किलोमीटरमागे इतके रुपये असा. त्यातून पेट्रोल निघतं. गाडी मात्र कार्यकर्त्याने घरून आणायची. ज्याच्या घरची गाडी आहे त्याला हे परवडतं. जिच्या घरात गाडी भावाची आहे, तिला ती मिळत नाही. देणगीदार संस्था संगणक देतात, प्रोजेक्टर देतात, प्रशिक्षणाच्या जेवणाचे पैसे देतात. गाडी म्हटलं की त्यांना चैन वाटते. मी तीन ठिकाणी विचारून पाहिलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं की गरज असेल तर जीप भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट. ड्रायव्हर कोण असणार, हे सांगायला नकोच. मारहाण झालेली बाई ज्या जीपमध्ये बसते, त्या जीपचा ड्रायव्हर तिच्या सासरच्यांच्या ओळखीचा निघाला, असा अनुभव आम्ही एकदा नाही, दोनदा घेतला आहे.

माझ्या या म्हणण्यावर सगळ्यांत जोरदार हरकत घेतली ती आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी. तीस वर्षं त्यांनी याच भागात एसटीने आणि पायी काम केलं. त्यांचं म्हणणं असं : "तू मोटारसायकलवरून भुर्रकन जाशील, पण बायका एसटीत बसतात. मला निम्म्या केसेस एसटीत कळल्या. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, गाड्या बायकांनी भरून जातात, आणि तू नेमकी आता त्यातून उतरतेयस." या हरकतीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ती खरी आहे. गाडी घेतल्यापासून मला माणसं कमी भेटतात. पूर्वी फाट्यावर तासभर एसटीची वाट बघताना जी कानगोष्ट कानावर पडायची, ती आता पडत नाही. हेल्मेट घातलेल्या माणसाशी कुणी सहज बोलत नाही. पावट्याच्या शेंगा घेऊन बाजाराला निघालेली मावशी मला हात करत नाही, तिला वाटतं कुणी पुण्याचा ट्रेकर चाललाय.

म्हणून मी माझ्यापुरतं असं ठरवलंय की मंगळवारी भोरच्या बाजाराच्या दिवशी गाडी काढायची नाही, एसटीनेच जायचं. पण ताईंना मी एक गोष्ट बोलून दाखवली. त्या तीस वर्षांत रात्रीच्या किती फोनना त्या पोहोचू शकल्या, हे त्यांनी आठवून बघावं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा फोनच कुठं होते." ही त्यांची खासियत, उत्तर देतातही आणि देत नाहीतही.

दुसरी हरकत दिखाऊपणाची. एवढी मोठी गाडी घेऊन गरीब वस्तीत शिरणं बरं दिसतं का? मलाही पहिल्यांदा लाज वाटली. कातकरी वस्तीवर पोरं गाडीभोवती जमली, बायका लांब राहिल्या. मात्र पुढच्या महिन्यात त्याच वस्तीवरच्या एका अवघडलेल्या पोरीला मागे बसवून, सावकाश पहिल्या गिअरमध्ये, ज्या फाट्यापर्यंत रुग्णवाहिका येऊ शकते तिथपर्यंत आणलं. अवघडलेल्या बाईला मोटारसायकलवरून नेणं योग्य नाही, हे मला ठाऊक आहे. दुसरा पर्याय झोळीचा होता. त्यानंतर गाडीच्या आकाराबद्दल वस्तीवर कुणी बोललं नाही. माझ्या मनातली लाज पूर्ण गेली असं मात्र म्हणणार नाही. पेट्रोलचा भाव बघितला की ती परत येते.

शिकण्याबद्दल थोडं लिहिते, कारण या विषयावर पुरुषांनी फार अंधश्रद्धा पसरवून ठेवल्या आहेत. माझं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं होतं. गिअरच्या मोटारसायकलसाठी परत शिकाऊ परवाना काढून आरटीओची चाचणी द्यावी लागली. चाचणीच्या रांगेत मोटारसायकल घेऊन आलेली मी एकटीच बाई. पहिल्या महिन्यात गाडी चार वेळा उभ्या-उभ्या आडवी झाली. ती उचलायला पुरुषच लागतात, हे खोटं आहे. गाडीकडे पाठ करायची, उकिडवं बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पाठीवर जोर न देता मांड्यांच्या जोरावर मागे-मागे पावलं टाकत उठायचं. आधी गिअरमध्ये टाकून ठेवायची, म्हणजे सरकत नाही. हंडा डोक्यावर घेताना आपल्या बायका हेच करतात, जोर पायांतून काढतात. भातलावणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईला दोनशे किलो उचलता येणार नाहीत, असं म्हणणाऱ्याने एकदा वेल्ह्यातल्या खाचरात उतरून बघावं. चिखलात पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे मात्र मी दोन्ही गुडघे फोडून शिकले.

गुढीपाडव्याला नऊवारी नेसून, नथ घालून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. गिरगावच्या शोभायात्रेत तर ते ठरलेलंच. मला ते फोटो आवडतात, खोटं कशाला बोलू. पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गाड्या कुणाच्या हातात जातात? वर्षातून एकदा ढोल-ताशाच्या मागे चालवलेली गाडी सगळ्यांना चालते. तीच बाई ऐन पावसात रात्री साडेनऊला एकटी कापूरहोळच्या पंपावर पेट्रोल भरायला उभी राहिली की पंपावरचा मुलगा विचारतो, "ताई, एवढ्या रात्री? मागनं कुणी येतंय का?" त्याच्या विचारण्यात काळजी असते, तीही खरी असते. या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी कंटाळले आहे. पुण्याची रमिला लटपटे २०२३ च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाली, तेव्हा गेटवे ऑफ इंडियापाशी तिला निरोप द्यायला माणसं जमली होती. तिचं कौतुक मलाही आहे. एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची आर्किटेक्चर शिकणारी मुलगी १९८२ ते १९८४ या काळात जगभर फिरली, तीही १९७४ सालच्या जुन्या बीएमडब्ल्यूवर आणि बहुतेक एकटी. जुन्या गाडीवर किती लांब जाता येतं ते तिने दाखवलं.

पण आमच्या कामाला जवळचं उदाहरण मला वाटतं तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्याचं. १९९१-९२ मध्ये तिथल्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. अक्षरओळखीइतकंच महत्त्व त्यांनी सायकलला दिलं. बायकांच्या सायकली बाजारात मिळेनाशा झाल्या, तेव्हा बायकांनी पुरुषांच्या, मधल्या दांड्याच्या सायकली घेतल्या. त्यांतल्या कित्येकींना तीच जास्त सोयीची वाटली, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. 'लेडीज' म्हणून जे आपल्यापुढे ठेवलं जातं तेवढंच आपल्याला झेपतं, ही समजूत त्या बायकांनी तेव्हाच मोडली होती.

ज्या संघटनांना अशी जुनी गाडी घ्यावीशी वाटते त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. गाडी सकाळी इंजिन गार असताना बघायला जा; मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर काहीतरी झाकायचं आहे. पुढचं चाक अधांतरी धरून हँडल सावकाश फिरवा. मध्येच अडकल्यासारखं झालं तर आतले बेअरिंग गेलेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचं टायर घाटात वापरू नका. १ एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा शक्यतो त्यानंतरची गाडी बघा. चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडून घ्या. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेले चलान ऑनलाइन दिसतात, ते विकणाऱ्याला भरायला लावा. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरल्याशिवाय गाडी तुमची होत नाही, आणि विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. अपघात झाला आणि विमा जुन्याच्या नावावर राहिला तर भोगावं लागतं बाईलाच.

गाडी कुणाच्या नावावर, यावर आमच्या कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या. संस्थेच्या नावावर घेतली तर ती ऑफिसपुढे उभी राहते आणि हळूहळू जो पुरुष सहकारी बँकेत, झेरॉक्सला जातो त्याच्या हातात जाते. आमच्या स्कूटरचं तेच झालं होतं. शेवटी असं ठरलं की संस्थेने निम्मे पैसे बिनव्याजी द्यायचे, गाडी कार्यकर्तीच्या नावावर, आणि तिने पगारातून तीन वर्षांत फेडायचे. नोकरी सोडली तरी गाडी तिची. एक सदस्य म्हणाले, "मग ती गाडी घेऊन दुसऱ्या संस्थेत गेली तर?" जाऊ दे की. त्या संस्थेत गाडी चालवणारी एक बाई जास्त होईल. हा ठराव एका मताने मंजूर झाला. विरोधातली मतं बायकांचीही होती, हे नोंदवून ठेवते.

सध्या दर रविवारी सकाळी मी भोरला एका मैदानात गाडी घेऊन जाते. शिकायला सहाजणी येतात : दोन आशा, एक अंगणवाडी मदतनीस, कॉलेजच्या दोन मुली आणि एक भाजी विकणाऱ्या मावशी. मावशी फक्त बघायला येतात असं म्हणतात, पण मागच्या खेपेला क्लच दाबून गाडी सुरू करून पाहिली. सहाजणींना मिळून एकच गाडी, तीही माझ्यासारख्या पाच फुटीला जड जाणारी. त्यामुळे शिकवायला शंभर-सव्वाशे सीसीची एक साधी जुनी मोटारसायकल हवी आहे. गोठ्यात ताडपत्रीखाली असलेल्या त्या गाडीबद्दल मी परत विचारायला जाणार आहे. बाईंनी अजून नाही म्हटलेलं नाही. मुलाला विचारून सांगते, म्हणाल्या. मुलगा आता आठवीत आहे.